बैग किसका है?

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या जवानाने आमची बॅग उचलून बाजूच्या स्टीलच्या टेबलावर ठेवली आणि रांगेकडे बघत विचारलं, "बैग किसका है?" आवाज चढा नव्हता. दिवसभर विचारून विचारून गुळगुळीत झालेला प्रश्न होता तो. माझ्याआधी माझ्या मदतनीस पोराचा हात वर गेला, तोही पूर्ण नाही, खांद्यापर्यंतच. बॅग माझी, पण सोलापुरातून निघाल्यापासून ती त्याच्या पाठीवर होती, आणि आमच्या लग्नाच्या फोटोंच्या धंद्यात बॅग ज्याच्या पाठीवर, जबाबदारी त्याची. चेन उघडली. एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. दोन कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, कार्ड रीडर, गुंडाळलेल्या वायरींचे भेंडोळे, आणि मग पाऊचमधून बॅटऱ्या. "ये क्या है?" "बैटरी है सर." "और ये?" "ये भी बैटरी है सर." "इतनी बैटरी?" पोराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शादी का काम है, सुबह से रात तक शूटिंग चलती है. जवानाने मान हलवली, प्रत्येक बॅटरी उलटी करून तिच्यावरचे बारीक आकडे वाचले, ड्रोनच्या बॅटऱ्या वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून तो ट्रे पुन्हा मशीनमधून पाठवला आणि आम्हाला जायला सांगितलं. उद्धट बोलला नाही, उगाच अडवलं नाही. फक्त तेवढ्या वेळात मागची रांग वाढली होती, आणि रांगेतली माणसं आमच्या टेबलाकडे बघत उभी होती.

खिडकीची सीट मी मुद्दाम त्याला दिली होती. त्याचं पहिलंच विमान. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं, खिडकीतून रील काढायचं ठरलं होतं. विमान उडालं, शहर खाली गेलं, ढग आले, आणि हा पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलेला. मोबाईल खिशातच. बऱ्याच वेळाने, इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू येईल का याचा अंदाज घेत म्हणाला,

"ओ ताई, त्यांना आपण चोर वाटलो काय ओ?"

मी नाही म्हटलं. सगळ्यांच्याच बॅगा बघतात, आपल्याकडे वायरी-बॅटऱ्या जास्त म्हणून वेळ लागला, असं म्हटलं. त्याने मान डोलावली, पण त्याला पटलेलं नव्हतं ते दिसत होतं. काम झालं, लग्न छान लागलं, आम्ही परत आलो, फोटो निवडायला बसलो, तरी तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पोरगा सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, मंडपवाल्याशी कानडी आणि गणवेशातल्या कुणाशीही हिंदी. आमचं काम असं, की वरात, रिसेप्शन, पाठवणी आटपून गावात परत येईपर्यंत रात्रीचे दोन वाजतात, आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्या पोराच्या पाठीवर एवढी मोठी काळी बॅग असते. नाकाबंदी असली की हटकून थांबवतात. बॅगेत काय? कॅमेरा कुणाचा? बिल दाखव. मी बरोबर असले तर दोन वाक्यांत सुटका होते. तो एकटा असला की मला फोन येतो, मी झोपेतून उठून बोलते, मग त्याला सोडतात. दुसऱ्या दिवशी तो त्याबद्दल काही बोलत नाही. "बॅग उघड" या दोन शब्दांचा त्याच्या आयुष्यातला अर्थ इतकाच आहे, की समोरच्याचा आपल्यावर विश्वास नाही. विमानतळावरच्या त्या टेबलापाशी त्याने वेगळं काय समजावं? टेबल नवं होतं, प्रश्न जुनाच होता.

मला जे त्याला विमानात नीट सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, ते हे, की त्या टेबलावर दोन वेगवेगळ्या भीती एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात. पहिली माणसाची. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ हे विमान अपहरण करून अफगाणिस्तानात कंदाहारला नेलं गेलं, तेव्हाचे दिवस माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असतील. घराघरांत टीव्हीसमोर माणसं बसून होती. त्यानंतर २००० पासून देशातल्या मोठ्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, गेली. खिसे रिकामे करणं, हात पसरून उभं राहणं, बोर्डिंग पासवरचा शिक्का, कात्री आणि चाकू काढून घेणं, हे सगळं त्या भीतीपोटी. मशीनसमोर बसलेल्या जवानाला पडद्यावर आपल्या बॅगेचे रंग दिसतात. कपडे, कागद, खाण्याचे जिन्नस नारिंगी, धातू निळा, मधलं काहीबाही हिरवं. आमची बॅग पडद्यावर कशी दिसत असेल ते मी एकदा डोळ्यांसमोर आणून बघितलं. घट्ट ठोकळे, ठोकळ्यांना लागून वायरी, वायरींच्या आड सर्किटं, आणि एका कोपऱ्यात नवरीच्या आजीसाठी नेलेल्या शेंगा-चटणीचा किलोभराचा नारिंगी गोळा. थांबवणारच. मी त्या खुर्चीवर असते तर मीही थांबवली असती.

दुसरी भीती वस्तूची आहे, आणि तिचा बॅग कुणाची आहे याच्याशी काही संबंध नाही. मंत्र्याच्या बॅगेतली बॅटरी आणि आमच्या पोराच्या पाऊचमधली बॅटरी तिच्या लेखी सारखीच. लिथियम-आयन बॅटरीच्या पोटात धन आणि ऋण बाजू एकमेकींना चिकटूनच असतात. मधे असतो तो केसाहून पातळ असा एक पडदा, आणि सगळीकडे भिनलेलं असतं पेट घेणारं द्रावण. सेल चेपला, भोसकला गेला, खिशातल्या किल्लीने दोन टोकं जोडली गेली, फार तापला, किंवा कारखान्यातच आत काही खोट राहिली, की तो पडदा जातो. मग आतली उष्णता आणखी उष्णता तयार करते, एक सेल शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. फटाक्यांच्या माळेचं टोक एकदा पेटलं की मधेच थांबवता येत नाही, तसं. तीन सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं मालवाहू विमान याच कारणाने पडलं. हजारो लिथियम बॅटऱ्या मालात होत्या, आग लागली, कॉकपिटमध्ये एवढा धूर झाला की वैमानिकांना समोरची यंत्रं दिसेनात. दोघेही गेले. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या प्रवासी विमानाला आग लागली, ती वरच्या सामानाच्या कप्प्यातून. पॉवर बँकेने पेट घेतला असावा, असं तपासात पुढे आलं. विमान जमिनीवर होतं म्हणून माणसं वाचली.

सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात का टाकू देत नाहीत, याचं कारणही यातच आहे. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या सेलच्या आत चालू असलेलं थांबवू शकत नाही. शिवाय तिथे बघायला कोणी नसतं. तीच बॅटरी केबिनमध्ये, आपल्या पायाशी असली, तर धूर पहिल्या मिनिटाला दिसतो, कर्मचारी धावून येतात, ज्वाळा विझवून पाण्याने ती थंड करत राहतात. म्हणजे जी वस्तू इतकी धोक्याची की तिच्यासाठी नियम केले, ती माणसांपासून लांब न ठेवता माणसांच्या जवळ ठेवायला सांगतात. मला हा नियम फार आवडतो. त्यात माणसावर विश्वास आहे. कोणीतरी बघेल, कोणीतरी ओरडेल, कोणीतरी पाणी आणेल, यावर तो उभा आहे.

आमच्या पोराला तो अविश्वास वाटला.

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता, नवी पेठेच्या मागच्या बाजूला, वर पत्रे असलेला. मी या धंद्यात आले ती त्याच्यामुळे. मामा कधी विमानात बसला नाही, पण बॅटऱ्यांची त्याला पुरी ओळख होती. लग्नात व्हिडिओ शूटिंग सुरू झालं त्या काळात वरातीत लाईट पेटवायला ॲसिडची जड बॅटरी लागायची. खांद्याला पट्टा, पट्ट्याला पत्र्याचा डबा, डब्यात बॅटरी, आणि ती घेऊन नवरदेवाच्या घोड्यापुढे उलटं चालणारा एक माणूस. मामाच्या सगळ्या पँटींना उजव्या मांडीवर बारीक भोकं होती, ॲसिडने पडलेली. मामी ती धुताना बडबडायची. स्टुडिओच्या मागच्या खोलीत रात्री बॅटरी चार्जिंगला लावली की नाकात झोंबणारा एक आंबट वास यायचा, आणि मामा आम्हा पोरांना तिकडे फिरकू द्यायचा नाही. खिडकी उघडी ठेव, जवळ काडी ओढू नको, डबा आडवा करू नको. त्या बॅटरीचा धोका डोळ्यांना दिसायचा, वासाने कळायचा, कपड्यांवर उमटायचा. तिच्याशी कसं वागायचं हे घरातल्या बायकांनाही ठाऊक होतं. आता माझ्या तळहातावर मावणारी, गुळगुळीत, राखाडी, बिनवासाची बॅटरी दिवसभर कॅमेरा चालवते. १९९१ मध्ये ही जात पहिल्यांदा बाजारात आली, आणि ती शोधणाऱ्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळायलाच हवं होतं, एवढं या वस्तूने आमचं आयुष्य हलकं केलं आहे. पण ती काही सांगत नाही. मामाची बॅटरी सतत काहीतरी सांगत असायची.

सोलापुरात मात्र हीसुद्धा बोलायला लागते, मे महिन्यात. लग्नाचे मुहूर्त नेमके तेव्हा, आणि पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर. मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली कॅमेरा हातात धरवत नाही. कारच्या बंद काचांमागे राहिलेली बॅटरी संध्याकाळी हातात घेतली तर गरम विटेचा चटका बसतो. एक दिवस ग्रिपमधून बॅटरी निघेचना. निघाली तेव्हा तिचं पोट किंचित वर आलेलं. फुगलेली बॅटरी कितीही चार्ज दाखवत असली तरी ती संपली असं समजायचं, आणि अशी बॅटरी विमानात तर न्यायचीच नाही. बाजारात हजार-बाराशेला मिळणाऱ्या बिननावाच्या बॅटऱ्यांवर व्होल्ट आणि मिलीअँपअवरचे आकडे धड छापलेले नसतात, घामाने पुसले जातात, आणि मग तपासणाऱ्याला त्यावर काहीच वाचता येत नाही. न वाचता येणारी बॅटरी त्याने का सोडावी? हिशेब सगळा त्या आकड्यांवर असतो. व्होल्ट गुणिले अँपअवर म्हणजे वॅट-अवर. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्ट, २२८० मिलीअँपअवर. म्हणजे साधारण १६ वॅट-अवर. शंभरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठमध्ये विमान कंपनीला आधी विचारावं लागतं आणि सुट्या फक्त दोन नेता येतात. त्यावरची प्रवाशाला नेताच येत नाही. नगांची मर्यादा कंपनीगणिक बदलते, ती तिकीट काढतानाच बघून ठेवायची. मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बॅटरीवर ९८ असा विचित्र आकडा असतो तो या शंभरच्या आत राहण्यासाठीच. पॉवर बँकेचा हिशेब करताना लोक यूएसबीच्या पाच व्होल्टने गुणतात, तिथे आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट धरायचे. वीस हजार मिलीअँपअवरची पॉवर बँक मग ७४ वॅट-अवरवर येते आणि निवांत जाते.

हे आकडे मी एवढ्या तपशिलात सांगते आहे, कारण टेबलापाशी तुमच्या बाजूने बोलणारं तेवढंच असतं.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. बॅग तपासताना जवानाने एक पांढरी पट्टी घेतली आणि बॅगेच्या कडांवरून, कॅमेऱ्याच्या ग्रिपवरून, बॅटरीच्या झाकणाच्या खाचेतून फिरवली. स्फोटकाचा कण कुठे लागलेला आहे का, ते त्या पट्टीवरून मशीन सांगतं. पट्टी वर आली तेव्हा तिच्यावर लाल रेघ होती. जवान थांबला. पोरगा घाईघाईने म्हणाला, "कुंकू है सर, पूजा का." जवानाने पट्टी नाकाजवळ नेली नाही की काही नाही, फक्त विचारलं, "दशहरा?" पोराने मान हलवली. पट्टी मशीनमध्ये गेली, मशीन गप्प राहिलं.

खंडेनवमीला आम्ही स्टुडिओतलं सगळं बाहेर काढतो. सतरंजीवर पांढरं कापड, त्यावर कॅमेरे, लेन्स, स्टँड, लाईट, ड्रोन, चार्जर, मामाचा जुना बॉक्स कॅमेरा, आणि पुढच्या ओळीत बॅटऱ्या. पूर्व भागात त्या दिवशी मागांची खडखड थांबलेली असते, कारखान्यांत मागांना हार घातलेले असतात, आणि हा पोरगा आधी वडिलांच्या मागाची पूजा आटपून मग आमच्याकडे येतो. एकेका बॅटरीला करंगळीने कुंकवाचं बोट लावणं हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मागून मी हळूच त्यांची धातूची टोकं कोरड्या फडक्याने पुसून घेते, तो ते बघून न बघितल्यासारखं करतो. नारळ फुटतो, पेढे येतात, शेजारचा टेलर येतो, समोरचा झेरॉक्सवाला येतो, सगळे वाकून बघतात. हा ड्रोन केवढ्याला? ही लेन्स किती लांबचं ओढते? आणि पोरगा ताठ उभा राहून एकेक सांगत असतो. ही फ्लॅशची, ही ड्रोनची, ही मोठी आहे ती लाईटची, चार तास चालते. त्याला त्या वेळी बघावं. आपण काय काम करतो हे साऱ्या गल्लीला दिसतंय याचा अभिमान त्याच्या मानेत असतो.

तीच सगळी सामग्री, तशीच ओळीने मांडलेली, तीच बघायला वाकलेली माणसं, आणि उत्तरंही तीच. ही फ्लॅशची, ही ड्रोनची. स्टीलच्या टेबलापाशी मात्र त्याची मान खाली होती. मला राग नेमका कशाचा येतो हे शोधताना मी इथे येऊन अडकते. जवानाचा राग येत नाही. त्याने त्याचं काम नीट केलं, आणि कुंकू ओळखलं, याचं मला अजून बरं वाटतं. नियमाचा राग येत नाही. तो पटलेला आहे. राग येतो तो मधल्या रिकाम्या जागेचा. नियम आहे, पण त्यामागचं कारण त्या टेबलापर्यंत पोचतच नाही. विमानतळांवर मनाई असलेल्या वस्तूंच्या चित्रांचे फलक असतात, बॅटरीवर लाल फुली असते. फुलीच्या शेजारी "का" लिहिलेलं मला तरी कुठे दिसलं नाही. कारण न सांगता दिलेली मनाई ज्याला आयुष्यभर अडवलं गेलं आहे त्याला अपमानच वाटते. ज्याला कधी कुणी अडवलं नाही, त्याला ती नुसती गैरसोय वाटते.

आपल्याकडे आता हे जास्त लागणार आहे. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीपासूनची सगळी कथा सोलापूरकराला सांगायला नको. पण याचा एक अर्थ असा, की पुण्याला किंवा हैदराबादला न जाता थेट घरून रिक्षाने विमानतळावर जाणारी माणसं आता असतील, आणि त्यात आमच्या धंद्यातली पोरं खूप असतील, कारण गोव्यात लग्न करायची हौस सोलापुरातही पोचली आहे. गोव्याच्या मार्गावरचं विमान पंख्याचं, छोटं. वरचे कप्पे छोटे, कॅमेऱ्याची चाकाची ट्रॉली त्यात मावत नाही, आणि शिडीपाशी ती तुमच्याकडून घेऊन खाली सामानात टाकली जाऊ शकते. त्या घटकेला सगळ्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक बाहेर काढून जवळ घ्यावी लागते. धावपट्टीच्या उन्हात, मागे माणसं थांबलेली, वारा भणाणतोय, आणि तुम्ही ट्रॉली उघडून खणाखणातून बॅटऱ्या शोधताय, हे होऊ द्यायचं नसेल तर बॅटऱ्यांचा पाऊच पहिल्यापासूनच खांद्यावर वेगळा हवा. होटगी रोडला दारात एक फलक लागावा, असं मला मनापासून वाटतं. मराठीत, कानडीत, तेलुगूत. दोनच ओळी: सुट्या बॅटऱ्या जवळ ठेवा, खालच्या सामानात आग लागली तर ती कुणाला दिसत नाही आणि नीट विझत नाही. एवढं वाचलेला माणूस टेबलापाशी आला तर तो स्वतःच पाऊच पुढे करेल.

पोराला मी हे सगळं स्टुडिओत बसवून सांगितलं, एका रिकाम्या दुपारी. दुबईचं सांगितलं, बुसानचं सांगितलं, मोबाईलवर फुटलेल्या सेलचा व्हिडिओ दाखवला. तो व्हिडिओ त्याने परत परत बघितला. मग विचारलं, "म्हणजे ते आपल्याला न्हाई, ह्याला भीत्यात?" आणि टेबलावरची बॅटरी बोटाने जरा लांब सरकवली. मी हो म्हटलं. पूर्ण हो म्हणता येत नाही, कारण पहिली भीतीही त्या टेबलावर असतेच, आणि ती कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या कपड्यांवर जास्त रेंगाळते हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही. ते मी त्याच्यासमोर नाकारलं नाही. पण बॅटऱ्यांपुरतं उत्तर हो असंच होतं, आणि ते त्याने घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या बॅटऱ्यांच्या टोकांवर टेप चिकटवली होती, प्रत्येकीला वेगळी छोटी पिशवी केली होती आणि जिथे छापील आकडा पुसट होता ती बॅटरी बाजूला काढून ठेवली होती. ती बॅटरी आता फक्त गावातल्या कामाला.

यातून एक वेगळाच वाद सुरू झाला आहे. आमच्याच धंद्यातला एक जुना मित्र बाहेरगावचं काम असलं की कॅमेरे जवळ ठेवतो आणि लाईट, चार्जर, बॅटऱ्यांचं सगळं खोकं ट्रॅव्हल्सने पार्सल करतो. संध्याकाळी बसच्या डिकीत टाकायचं, सकाळी तिकडच्या माणसाने उतरवून घ्यायचं. स्वस्त पडतं, आणि कोणी काही विचारत नाही. मी त्याला म्हटलं, विमानात ज्या बॅटऱ्या खाली टाकू देत नाहीत त्याच तू बसच्या पोटात टाकतोस, कांद्याच्या पोत्यांखाली, आणि वर स्लीपरमध्ये माणसं झोपलेली असतात. तो म्हणाला, "बस काय आकाशात उडतीय का?" ऑक्टोबर २०२५ मध्ये आंध्रात कर्नूलजवळ हैदराबादहून बंगळूरला जाणारी बस जळाली. बसखाली मोटारसायकल सापडली तिथून आग सुरू झाली, पण बसमध्ये मोबाईल फोनांचं पार्सल होतं आणि त्यांच्या बॅटऱ्या फुटल्याने ती भडकली, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. झोपेतली माणसं गेली त्यात. मी ती बातमी त्याला पाठवली. त्याने वाचली, वाईट झालं म्हणाला, आणि मग तेच म्हणाला, इतकी वर्षं पाठवतोय, काही झालं नाही.

त्याच्याकडे उत्तर नाही असं नाही. सगळ्या बॅटऱ्या जवळ घेऊन स्लीपरमध्ये झोपायचं तर त्याला पाय पसरता येत नाहीत, आणि पंचावन्नाव्या वर्षी रात्रभर प्रवास करून सकाळी हळदीला उभं राहायचं असतं. हे मला कळतं. तरी निदान टोकांना टेप लाव, फुगलेली एकही घालू नको, पूर्ण चार्ज करून पाठवू नको, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिही, एवढं मी त्याला दर वेळी सांगते. परवा आमचा पोरगा त्याच्या दुकानात गेला होता लाईटचा स्टँड आणायला. खोकं भरणं चाललं होतं. तिथला मदतनीसही पूर्व भागातलाच, दोघे तेलुगूत काहीतरी बोलत बसले, आणि पोरगा परत आला तो उशिरा, टेपचं आपलं बंडल तिकडेच ठेवून. मित्राचा संध्याकाळी फोन आला, तुझ्या पोराने माझं अख्खं खोकं उपसलं म्हणून. रागावला होता. खोकं त्या रात्री ट्रॅव्हल्सनेच गेलं, टेप लावलेलं. पुढच्या महिन्यात त्याचं गोव्याचं काम आहे, विमानाने की बसने ते अजून ठरत नाही, आणि आमचं भांडण चालू आहे.